सामुराई आणि त्याची भुते



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘भुते’ हा शब्द वाचून आपल्यापैकी काही जण मनाशी हसले असतील. ज्या व्यासपीठावरून अर्थकारण, वेदान्त आणि इतिहास यांवर बोलायचे, तेथे आम्ही पिशाचविद्या घेऊन यावे, हे काहींना चमत्कारिकही वाटले असेल. परंतु निदान ऋतूच्या दृष्टीने तरी आमची निवड चुकलेली नाही. आपल्याकडे भुताची गोष्ट शेकोटीभोवती रंगते, तर जपानात तिचा हंगाम ऐन उन्हाळ्याचा. भीतीने अंगावर काटा आला म्हणजे उकाडा कमी भासतो, अशी तेथील रसिकांची विनोदी समजूत आहे. त्यामागे एक गंभीर कारणही आहे. उन्हाळ्यात तेथे ‘ओबोन’चा सण येतो आणि त्या दिवसांत पितर घरी येतात, अशी श्रद्धा आहे. या सणाचे मूळ बौद्ध परंपरा ‘उल्लम्बन’ या शब्दाशी जोडते आणि प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आपल्या आईला सोडवणाऱ्या मौद्गल्यायनाची कथा त्याच्याशी निगडित आहे. तेव्हा पितृपक्ष पाळणाऱ्या आपल्या समाजाला हा विषय अगदीच परका नाही.

आम्ही आज जे चित्रपट डोळ्यांपुढे ठेवून बोलणार आहोत, ते मुख्यतः 1953 ते 1968 या पंधरा वर्षांतले आहेत. त्यांत तलवारी आहेत, चिलखते आहेत आणि भुते आहेत. केवळ करमणूक म्हणून पाहिले तरी पैसे वसूल व्हावेत असे ते आहेत. पण ते ओळीने पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. या चित्रपटांतली भुते वाटसरूला उगीच झपाटत नाहीत. त्यांचे काहीतरी येणे असते आणि ते वसूल करायला ती आलेली असतात. देणेकरी बहुधा सामुराई असतो. हे येणे कसले आणि ते याच काळात पडद्यावर का मागितले गेले, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम सामुराईविषयी दोन शब्द. बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानात सत्ता राजदरबाराकडून योद्ध्यांच्या हाती गेली आणि ती 1868 पर्यंत या ना त्या रूपाने त्यांच्याच हाती राहिली. शेवटची अडीचशे वर्षे, म्हणजे ज्याला एदो काळ म्हणतात तो, बहुतांशी शांततेचा होता. लढाया संपल्या, पण कमरेच्या दोन तलवारी राहिल्या. सामान्य माणसाने मर्यादा सोडून वर्तन केले, तर सामुराईने त्याला जागच्या जागी कापून काढावे, अशी मुभा त्या काळच्या रिवाजात होती. स्वामिनिष्ठा, शौर्य, मानापमान यांचे पोवाडे पुष्कळ झाले. परंतु अशा माणसाने बायकोला विष दिले, शेतकऱ्याचे घर जाळले, तर त्या बायकोने किंवा त्या शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? जिवंतपणी ज्याला न्यायसभा नाही, त्याला लोककथेने मेल्यानंतर एक न्यायसभा काढून दिली. आपल्या मराठीत ‘दावा’ हा शब्द मोठा बोलका आहे. त्याचा अर्थ वैर असाही होतो आणि फिर्याद असाही होतो. जपानी भुताचा दावा या दोन्ही अर्थांनी घ्यावा लागतो.

या दाव्यांतला सर्वांत प्रसिद्ध दावा ओइवा नावाच्या स्त्रीचा. 1825 साली एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, नाकामुरा नाट्यगृहात चौथा त्सुरुया नाम्बोकु या नाटककाराचे ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ हे काबुकी नाटक प्रथम रंगभूमीवर आले. या प्रयोगाची मांडणीच विलक्षण होती. धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस निष्ठावंत सामुराईंचे ‘चूशिंगुरा’ हे नाटक जपानी माणसाला तोंडपाठ. नाम्बोकुचे नवे नाटक त्याच्याशी गुंफून दोन दिवसांत मिळून दाखवण्यात आले. नव्या नाटकाचा नायक इएमोन हा त्याच बुडालेल्या घराण्याचा चाकर. म्हणजे एका अंकात प्रेक्षकाने निष्ठेची पराकाष्ठा पाहावी आणि पुढच्या अंकात त्याच घरचा दुसरा सामुराई दारिद्र्यात कसा कुजतो, हे पाहावे. बाळंतपणाने खंगलेल्या बायकोच्या आणि तान्ह्या मुलाच्या अंगावरची मच्छरदाणीसुद्धा हा गृहस्थ गहाण टाकायला ओढून नेतो. पुढे श्रीमंत शेजाऱ्याच्या नातीशी लग्न जमावे म्हणून ओइवाचा काटा निघतो. औषध म्हणून विष तिच्या पोटात जाते, चेहरा विद्रूप होतो आणि आरशासमोर केस विंचरताना फणीबरोबर केसांचे झुपके हातात येतात. हा प्रवेश पाहताना दोनशे वर्षे प्रेक्षक श्वास रोखून बसत आला आहे.

या नाटकावर अनेक चित्रपट निघाले. केइसुके किनोशिता याने 1949 साली दोन भागांत काढलेल्या चित्रपटात भूत हे जवळजवळ इएमोनच्या सदसद्विवेकाचे रूप होते. पण रसिक ज्याला सर्वांत वरचे स्थान देतात, तो नोबुओ नाकागावा याचा 1959 चा चित्रपट होय. तो शिन्तोहो या कंपनीने काढला. ही कंपनी काही कलेची उपासक म्हणून प्रसिद्ध नव्हती. थोड्या पैशांत, उन्हाळ्याच्या हंगामासाठी भुताचे चित्रपट काढून गल्ला भरावा, असा तिचा रोकडा व्यवहार होता, आणि तो न साधल्याने 1961 मध्ये ती बुडालीही. अशा कारखान्यातून नाकागावाने एक अस्सल रंगीत शोकान्तिका काढली. इएमोनचे काम करणारा शिगेरु अमाची हा नट राक्षस वाटत नाही. तो देखणा, बेचैन आणि कणाकणाने घसरत जाणारा माणूस वाटतो. ज्या दारावर त्याने बायकोचे आणि एका मालिश्याचे प्रेत दोन बाजूंना खिळे ठोकून पाण्यात सोडून दिले, ते दार तो मासे मारायला बसला असता पाण्यातून वर येते. ही युक्ती मूळ नाटकातलीच. परंतु पडद्यावर ती पाहताना कळते की, हे दार म्हणजे एक कागदपत्र आहे. पुरावा नष्ट केला असे ज्याला वाटते, त्याच्यापुढेच तो तरंगत येतो. आणि सूड पुरा झाल्यावर नाकागावा आपल्याला ओइवाचा भयंकर चेहरा दाखवून घरी पाठवीत नाही, तर तान्ह्या मुलाला कवेत घेतलेली, पूर्वीची सुंदर ओइवा दाखवतो. भूत हे तिचे खरे रूप नव्हते, ते तिच्यावर लादलेले रूप होते. दावा निकालात निघाला आणि ते गळून पडले.

येथे आपण विचाराल की, वैर आणि सूड एवढेच या भुतांजवळ आहे काय? याचे उत्तर केन्जी मिझोगुचीने 1953 मध्येच देऊन ठेवले आहे. ‘उगेत्सु मोनोगातारी’ हे त्याच्या चित्रपटाचे नाव. उएदा अकिनारी या लेखकाचा त्याच नावाचा नऊ कथांचा संग्रह 1776 साली प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या दोन कथा एकत्र करून, त्यांत मोपासाँच्या एका कथेचाही धागा घेऊन हा चित्रपट सिद्ध झाला. काळ सोळाव्या शतकातल्या यादवीचा. बिवा सरोवराकाठच्या खेड्यात गेंजुरो हा कुंभार आणि त्याचा शेजारी तोबेइ राहतात. लढाईमुळे भांड्यांना भाव आला आहे. गेंजुरोला पैसा हवा आणि तोबेइला सामुराई व्हायचे आहे. दोघेही बायकांना मागे टाकून जातात. तोबेइ दुसऱ्याने मारलेल्या सेनापतीचे शिर पळवून मानाचे चिलखत मिळवतो आणि इकडे त्याची बायको सैनिकांच्या अत्याचाराला बळी पडून वेश्यागृहात पोचते. गेंजुरो वाकासा नावाच्या एका खानदानी, अलौकिक सुंदर स्त्रीच्या वाड्यात गुंतून पडतो. वाडाही उरलेला नाही आणि वाकासाही. ओदा नोबुनागाच्या फौजांनी तिचे सारे घराणे कापून काढले, तेव्हा प्रेम म्हणजे काय हे न कळताच ती मुलगी मेली. तिचे येणे तेवढेच आहे. अंगावर मंत्राक्षरे लिहून घेतल्यामुळे कुंभार तिच्या हातून सुटतो. पण चित्रपट आपली सहानुभूती तिच्यापासून काढून घेत नाही.

आणि मग तो घरी येतो. या चित्रपटाचा छायालेखक काझुओ मियागावा. त्याने टिपलेले ते दृश्य कित्येक वर्षे चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा पाहिले आहे. गेंजुरो ओसाड, अंधाऱ्या घरात शिरतो. चूल थंड आहे. तो हाका मारीत मागच्या दाराने बाहेर जातो, घराला वळसा घालून पुन्हा पुढच्या दाराशी येतो, आणि मध्ये कोठेही दृश्य न तुटता आपल्याला दिसते की, चूल पेटलेली आहे आणि मियागी, त्याची बायको, तिच्यापाशी बसली आहे. ती त्याला जेवू घालते, मुलाशेजारी निजवते आणि रात्रभर त्याचे फाटके कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया सांगतो की, मियागीला भुकेल्या सैनिकांनी केव्हाच मारले. या भुताने काहीही मागितले नाही. हिशेब चुकता करायला आलेल्या इतर भुतांपेक्षा हे न मागणारे भूत मनावर अधिक मोठे ओझे ठेवून जाते, कारण मागितलेले देऊन टाकता येते, न मागितलेले जन्मभर अंगावर राहते. वेनिसच्या महोत्सवाने या चित्रपटाला रौप्य सिंह दिला. पारितोषिकाचे नाव सांगितलेच पाहिजे म्हणून सांगितले. एरवी ती चूलच त्याचे खरे पारितोषिक.

हीच गोष्ट अकरा वर्षांनी मासाकी कोबायाशीने पुन्हा सांगितली आणि तिचा निकाल नेमका उलटा दिला. त्याचा ‘काइदान’ 1964 च्या अखेरीस तयार झाला आणि 1965 मध्ये कान येथे त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. यात चार कथा आहेत. त्या लाफकादिओ हर्न या लेखकाच्या पुस्तकांतून घेतल्या. ग्रीक बेटावर जन्मलेला, आयरिश पित्याचा हा एकाक्ष पत्रकार 1890 मध्ये जपानात आला, तेथलाच झाला, कोइझुमी याकुमो हे नाव घेऊन 1904 मध्ये तेथेच वारला. त्याला यांतल्या पुष्कळ गोष्टी त्याची पत्नी सेत्सु हिने सांगितल्या, आणि सेत्सु ही पडत्या काळाला लागलेल्या एका सामुराई घराण्याची मुलगी. म्हणजे चिलखतवाल्यांच्या घरातच, माजघरात, या कथा जिवंत राहिल्या होत्या.

‘काइदान’मधली पहिली कथा ‘काळे केस’. क्योतोतला एक गरीब सामुराई विणकाम करणाऱ्या आपल्या साध्वी बायकोला टाकतो आणि बढतीसाठी बड्या घरची मुलगी करतो. काही वर्षांनी पश्चात्ताप होऊन तो परततो. घर पडीक, पण आतल्या खोलीत दिवा आहे आणि बायको तशीच तरुण आहे. तो क्षमा मागतो, ती करते. सकाळी शेजारी हाडे आणि काळे केस. येथवर अकिनारीची वाट आणि ही वाट एकच. पण मियागीचा नवरा चाकावर बसून पुन्हा भांडी घडवू लागतो, तर हा सामुराई क्षणात म्हातारा होऊन वेडापिसा धावत सुटतो. फरक कोठे पडला? आमच्या मते तो धंद्यात पडला. कुंभाराजवळ परत जायला चाक होते. सामुराईने प्रतिष्ठेखेरीज दुसरे काही कमावलेच नव्हते, त्यामुळे ती गेल्यावर त्याच्यापाशी उरले नाही काही. या प्रसंगाला तोरु ताकेमित्सु याने जे संगीत दिले त्यात सूर जवळजवळ नाहीत. लाकूड तडकल्याचे आवाज आहेत, आणि तेही दृश्याशी जुळून येत नाहीत, थोडे मागेपुढे येतात. भय आवाजात नसून त्या चुकलेल्या जागेत आहे, हे त्या संगीतकाराने ओळखले होते.

तिसरी कथा होइची या अंध गायकाची. 1185 साली दान्नोउरा येथे समुद्रावर तुंबळ लढाई झाली, हेइके घराण्याचा निःपात झाला आणि त्यांचा बालसम्राट आन्तोकु समुद्रात बुडाला. होइची मठात राहून ‘बिवा’ या तंतुवाद्यावर त्या लढाईचे आख्यान गातो. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर जपानला जाऊन बेंझाइतेन झाली, तिच्या हाती दिसते ते हेच वाद्य. रोज रात्री एक चिलखती योद्धा येऊन त्याला एका मोठ्या दरबारात नेतो आणि तेथे तो गातो. तो दरबार म्हणजे हेइकेंचे दफनस्थान आहे. येथे सामुराई स्वतःच भुते आहेत आणि त्यांना सूड नको आहे. त्यांना आपल्या पराभवाची गोष्ट पुन्हापुन्हा ऐकायची आहे. ज्यांनी जिंकले त्यांनी इतिहास लिहिला, हरलेल्यांना एक अंध गायक पुरला. परंतु मेलेल्यांचे हे ऐकणे गाणाऱ्याचा प्राण घेईल, म्हणून मठातले भिक्षू होइचीच्या सर्वांगावर ‘प्रज्ञापारमिताहृदय’ हे सूत्र लिहितात. कान तेवढे लिहायचे राहतात. योद्ध्याला अंधारात फक्त दोन कान दिसतात आणि तो ते उपटून नेतो. श्रोतेहो, या कथेचे अनेक अर्थ लावता येतील. आम्हांला पटतो तो असा. ज्ञानाने माणूस भूतकाळापासून आपले सर्वांग झाकून घेऊ शकतो, पण कान उघडे राहतातच. आणि जो दुसऱ्याचे दुःख गातो, त्याला त्याची काहीतरी किंमत द्यावी लागते.

आता शेवटचा दिग्दर्शक, कानेतो शिंदो. आपल्या कानाला हे आडनाव ‘शिंदे’सारखे लागेल, पण हे गृहस्थ हिरोशिमा प्रांतातले. जन्म 1912 चा आणि आयुष्य पुरते शंभर वर्षांचे. ‘ओनिबाबा’ हा त्याचा चित्रपट 1964 चा. चौदाव्या शतकातल्या यादवीत, माणसाहून उंच गवताच्या रानात एक सासू आणि सून राहतात. वाट चुकलेल्या सामुराईंना मारायचे, प्रेत खड्ड्यात ढकलायचे आणि चिलखत विकून धान्य मिळवायचे, हा त्यांचा चरितार्थ. चित्रपटात खरे भूत एकही नाही. सून हातची जाऊ नये म्हणून सासू एका मृत सामुराईचा राक्षसी मुखवटा घालून तिला भिववते आणि पावसात भिजलेला तो मुखवटा तोंडाला चिकटून बसतो. फोडून काढला तेव्हा खालचा चेहरा सडलेला निघतो. हा चेहरा रंगवताना शिंदोपुढे अणुबाँबने भाजलेल्या माणसांची छायाचित्रे होती. 1952 मध्ये त्यानेच ‘गेन्बाकु नो को’ हा हिरोशिमाच्या मुलांवरचा चित्रपट काढला होता. त्या मुखवट्याला जपानीत ‘हान्या’ म्हणतात. हा शब्द म्हणजे संस्कृत ‘प्रज्ञा’च. मुखवट्याला ते नाव तो कोरणाऱ्या एका भिक्षूवरून पडले, असे परंपरा सांगते. काही असो, होइचीच्या अंगावर लिहिलेली प्रज्ञा आणि म्हातारीच्या तोंडाला चिकटलेली प्रज्ञा एकाच शब्दाच्या पोटी आहेत.

शिंदोचा दुसरा चित्रपट 1968 चा, ‘कुरोनेको’, म्हणजे काळे मांजर. प्रारंभी सामुराईंची एक टोळी वेळूच्या बनातून येते, झोपडीत शिरते, सासू-सुनेवर अत्याचार करून घर पेटवून देते. दोघी भुते होऊन परततात. त्यांची प्रतिज्ञा एकच, सामुराई दिसला की त्याचे रक्त प्यायचे. या भुतांचा बंदोबस्त करायला सरदार मिनामोतो नो राइको एका नव्या, पराक्रमी सामुराईला पाठवतो, आणि तो निघतो त्या सासूचाच मुलगा, त्या सुनेचाच नवरा. शेतातून बळजबरीने लढाईवर नेलेला पोर शौर्य गाजवून सामुराई झालेला आहे. सून प्रतिज्ञा मोडते, सात रात्री नवऱ्याबरोबर काढते आणि त्या बदल्यात नरकवास पत्करते. आईचा हात मुलाच्या तलवारीने तुटतो. जपानी माणसाला ही हाताची गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. राइकोच्या एका वीराने क्योतोच्या वेशीवर राक्षसाचा हात तोडला आणि राक्षस त्या वीराच्या आप्त स्त्रीचे रूप घेऊन तो परत न्यायला आला, अशी जुनी दंतकथा आहे. शिंदोने तिच्यात एवढेच विचारले, तो राक्षस तुझी आईच असली तर? वीरकथा राक्षसाच्या बाजूने ऐकली म्हणजे तिचा पोवाडा राहत नाही, विलाप होतो.

हे सारे याच पंधरा वर्षांत का व्हावे? 1945 च्या पराभवानंतर जपानवर परकीय लष्करी अंमल आला आणि सरंजामी स्वामिनिष्ठा व सूड यांची भलावण करणाऱ्या चित्रपटांना मनाई झाली. 1952 मध्ये तो अंमल उठला. तलवार पडद्यावर परत आणण्याची मोकळीक झाली, तेव्हा ती कशी आणायची हा प्रश्न होता. पुष्कळांनी जुनाच पोवाडा चालू केला. आम्ही वर्णन केलेल्या माणसांना ते शक्य नव्हते. कोबायाशीला 1942 मध्ये सैन्यात ओढून मांचुरियात नेण्यात आले, पण त्याने शिपायाहून वरची बढती घेण्याचे नाकारले. शिंदोच्या नौदलातल्या तुकडीत शंभर जण होते, त्यांतले सहा जगले. सामुराईच्या नावाने ज्या पिढीला मरायला पाठवले, त्या पिढीतल्या वाचलेल्यांनी हे चित्रपट काढले. घरे जळाली, बायकामुले मेली, आणि फिर्याद ऐकायला कोणी नव्हते. तेव्हा त्यांनी जुन्या काबुकीतली, माजघरातली, मठातली भुते बाहेर काढली आणि त्यांना साक्षीला उभे केले.

कोणी म्हणेल, भुतांवर विश्वास ठेवायला शिकवणारी कला आपल्याला कशाला हवी? या आक्षेपाचा आम्ही आदर करतो. ज्या प्रांतात भूतबाधेच्या नावाखाली अजूनही माणसे छळली जातात, तेथे तो घेतलाच पाहिजे. पण भोंदूचे भूत आणि या चित्रपटांतले भूत यांत मूलभूत भेद आहे. भोंदूचे भूत एखाद्या गरीब, निराधार बाईच्या माथी मारले जाते आणि तिचाच छळ होतो. येथे छळ झालेली बाई भूत होऊन चिलखतवाल्याच्या दारात उभी राहते. एक अन्याय झाकते, दुसरे उघडा पाडते. हे चित्रपट पाहून कोणी अंधाराला भ्यावे असे आम्हांला वाटत नाही. उजेडात, बढतीच्या आणि बहादुरीच्या नावाखाली, आपण कोणाची मच्छरदाणी ओढून नेतो आहोत, याची मात्र थोडी धास्ती वाटावी.